गेरिट की पुल रिक्वेस्ट?

प्रकल्प वाढला, बाहेरचे लोक पॅच पाठवायला लागले, आता रिव्ह्यू, म्हणजे आलेल्या कोडची तपासणी, कशावर चालवायचा, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय. पुल रिक्वेस्ट म्हणजे गिटहबसारख्या साइटवर 'माझी ब्रँच तुमच्यात घ्या' अशी विनंती. गेरिट हा रिव्ह्यूसाठीचा वेगळा सर्व्हर, त्यावर एकेक कमिट तपासला जातो. गिट तुम्हाला येतं असं धरून चालतो. दोन्हीकडे मी कोड पाठवलाय आणि तपासलाही आहे.

नवख्याच्या सोयीत पुल रिक्वेस्टला तोड नाही. गेरिटमध्ये पहिला पुश बहुतेकांचा परत येतो, कारण कमिट मेसेजच्या तळाशी चेंज-आयडी, म्हणजे त्या बदलाची कायमची ओळख, नसतो. मग त्यासाठी हुक बसवा, ब्रँचऐवजी 'रेफ्स/फॉर/मास्टर'कडे पुश करा, दुरुस्तीसाठी नवा कमिट न घालता जुनाच अमेंड करा. इथेच काही जण कंटाळून निघून जातात. गो भाषेच्या मंडळींनी यावर तोड काढलीय: रिव्ह्यू गेरिटवरच होतो, पण कोणी गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकली तर बॉट ती उचलून गेरिटमध्ये नेतो.

गर्दी वाढली की पुल रिक्वेस्ट कोलमडते, असंही नाही. कुबरनेटिस या मोठ्या मुक्त प्रकल्पात कुठल्या फोल्डरला कोण मंजुरी देणार हे ओनर्स फायलींत लिहिलेलं असतं. कॉमेंटमध्ये '/एलजीटीएम' ('लुक्स गुड टू मी', म्हणजे मला ठीक वाटतं) आणि '/अप्रूव्ह' पडलं आणि चाचण्या पास झाल्या की मर्ज बॉट करतो. रस्ट भाषेच्या प्रकल्पातही तेच काम बॉर्स नावाच्या बॉटकडे. मात्र हे बॉट त्यांना स्वतः उभारावे लागले, हेही लक्षात घ्या.

माझा कौल फिरला तो रिव्ह्यूच्या दुसऱ्या फेरीमुळे. पहिलं वाचन दोन्हीकडे सारखंच. मी ढीगभर सूचना लिहितो, लेखक दुरुस्त्या करतो, मुख्य शाखेवर रिबेस करून फोर्स पुश मारतो. आता मला एवढंच बघायचंय, की मी वाचल्यानंतर त्याने काय बदललं. पुल रिक्वेस्टमध्ये जुन्या-नव्यातला फरक मागितला, तर रिबेसबरोबर आलेला भलत्यांचाच कोडही त्यात मिसळतो. सूचनांवर 'आउटडेटेड' शिक्का बसतो. ती सूचना पाळली गेली की नुसती ती ओळ बदलली, हे पुन्हा वाचल्याशिवाय कळत नाही. एका प्रकल्पात मोठे बदल असे परत परत मुळापासून वाचून मी इतका वैतागलो, की ते रिव्ह्यू 'उद्या बघू'वर जायला लागले. तिकडे बिचारा लेखक वाट बघत बसतो.

गेरिटमध्ये प्रत्येक अमेंड म्हणजे नवा पॅचसेट. तिसरा आणि सातवा शेजारी ठेवायचे. रिबेसमुळे आलेले तुकडे वेगळ्या रंगात दिसतात, ते सोडून पुढे जायचं. कमिट मेसेजसुद्धा फाइलसारखा उघडतो, त्याच्याही ओळीवर बोट ठेवता येतं. एकमेकांवर अवलंबून असलेले चार कमिट असतील तर चौघांची चर्चा वेगळी राहते.

एलएलव्हीएम हा कंपायलरचा प्रकल्प 2023 मध्ये फॅब्रिकेटर हे रिव्ह्यूचं जुनं साधन सोडून पुल रिक्वेस्टवर आलं. रिव्ह्यू चालू असताना फोर्स पुश टाळा, दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये घाला, मर्ज करताना सगळं एकत्र करा, अशी त्यांची रीत. चालतं हे, नाही कसं! फक्त प्रत्येक नव्या माणसाला ते सांगत बसावं लागतं, आणि कमिटांची मालिका पाठवायची तर एकावर एक पुल रिक्वेस्ट रचाव्या लागतात.

तुमच्याकडे एखादी चूक सुधारून निघून जाणारेच जास्त असतील, तर एलएलव्हीएमची रीत उचला. गेरिटचा सर्व्हर सांभाळण्याच्या फंदात पडू नका. पण तेच ते लोक मोठे बदल घेऊन फेऱ्या मारणार असतील, तर मी गेरिटच घेईन, निदान माझ्यापुरतं तरी. चव घ्यायची तर मीडियाविकीला एखादा छोटा पॅच पाठवा. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो तेच हे सॉफ्टवेअर, आणि त्याचा रिव्ह्यू गेरिटवर होतो. फक्त पहिल्या पुशला मत बनवू नका, कोणीतरी दुरुस्ती सांगेपर्यंत थांबा.