पावडर कोटिंगच्या नावाखाली माझं कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणि १७,४२० रुपये गेले

लाजेपोटी तीन आठवडे गप्प बसले. आता लिहितेय, कारण तोच माणूस नाव बदलून पुन्हा 'छोट्या कॅबिनेटला हवा तो रंग, एक नगसुद्धा करून मिळेल' अशी जाहिरात टाकतोय, आणि त्याच्या एका फोटोत माझं कॅबिनेट आहे.

पावडर कोटिंग म्हणजे धातूवर रंगाची पावडर मारून ती भट्टीत भाजणं. हिशेब आधी सांगते. ॲडव्हान्स ४,५०० रुपये. मग 'तुमच्या शेडचं खोकं फोडावं लागेल' म्हणून २,३६०. मग परतीचं कुरिअर आणि विमा १,८५०. झाले ८,७१०. हे 'परत' करताना त्याने आणखी ८,७१० काढून घेतले. एकूण १७,४२०. मी पाठवलेल्या कुरिअरचे ४२० वेगळे.

आणि कॅबिनेट? त्याची किंमत कशी लावू? ३२० × २०० × १४० मिलिमीटर, म्हणजे नऊ लिटरच्या आतलं. १७० × १७०चा मिनी-आयटीएक्स (छोटा) मदरबोर्ड, एसएफएक्स (लहान आकाराचा) पॉवर सप्लाय, रायझर केबल (कार्ड बोर्डापासून लांब बसवायची तार) लावून ग्राफिक कार्ड बोर्डाच्या पाठीमागे. २ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा लेझरवर कापून आणला, त्याचे ३,१४० रुपये, पावती आहे. बाकी सगळं हाताने. कडा कानशीने घासल्या, एम३चे (३ मिलिमीटरच्या स्क्रूचे) आटे पाडले. आटे पाडायचा एक टॅप भोकातच तुटला, तो काढायला दोन रात्री गेल्या. जवळजवळ तीन महिने रोज ऑफिसनंतर बसत होते.

'घरीच का नाही रंगवलं?' असं सगळ्यांनी विचारून झालंय. रंगवून पाहिलं होतं. पहिल्या तुकड्यावर साधा प्रायमर मारला, तो नखाने सोलून निघाला. ॲल्युमिनियमला एच प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा खास प्रायमर, लागतो हे तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी रंग बसला, पण पावसाळी हवेत क्लिअर कोट मारला आणि तो दुधासारखा पांढुरका झाला. भाड्याचं घर, बाल्कनीत स्प्रे मारला की शेजारी दार वाजवणार. तीन पावडर कोटिंगवाल्यांना विचारलं, तिघांचं उत्तर एकच: एका नगासाठी भट्टी लावणं परवडत नाही, लॉट असेल तर या. स्वस्तात मिळतंय म्हणून मी हुरळले नव्हते. त्याचा दर चांगला चढाच होता. कोणीच घेत नसलेलं काम तो घेत होता, एवढंच.

आणि तो बोलला ते सगळं बरोबर होतं. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉन बसतो, आट्यांत गेला तर एम३चा स्क्रू अडकतो, म्हणून प्रत्येक भोकात सिलिकॉनचं बूच लावतो म्हणाला. स्टँडऑफखालची (बोर्ड ज्यावर बसतो त्या छोट्या खांबांखालची) जागा मास्किंग टेप लावून कोरी ठेवतो म्हणाला, अर्थिंग तुटायला नको म्हणून. 'ताई, तुमचं काम म्हणजे घरचंच काम.' इतकं नेमकं बोलणारा माणूस हे काम करत असणारच, असं मी धरून चालले. नेमकं बोलणं पाठ करता येतं. त्याच्या भट्टीचा, वर्कशॉपचा व्हिडिओ कॉल मागा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नाही. नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

बाजूच्या पॅनलला ॲक्रिलिकची खिडकी होती. 'काढू का?' विचारलं, तर 'राहू द्या ताई, मी काढतो' म्हणाला. पॅक करण्याआधी मी सगळ्या बाजूंचे फोटो काढून त्याला पाठवले, वाटेत पोचा आला तर पुरावा असावा म्हणून.

सोळाव्या दिवशी त्याने 'काम झालं' म्हणून एक फोटो पाठवला. राल ७०१६ (रंगाचा ठरलेला क्रमांक), गडद राखाडी, मी सांगितला होता तोच. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. फोटो मोठा करून मी कोपरान् कोपरा बघितला. खिडकीवरचा संरक्षक तपकिरी कागद तसाच होता आणि त्यावर मी पेन्सिलने लिहिलेलं 'वर'. ते अक्षर बघून मला हायसं वाटलं. माझंच कॅबिनेट आहे, दुसऱ्याचा फोटो पाठवलेला नाही, असं मनाशी म्हटलं.

पावडर भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात. ॲक्रिलिक १००च्या आसपासच मऊ पडायला लागतं. हे मला माहीत होतं! खिडकी काढायची का, हे मी म्हणूनच तर विचारलं होतं. मग तोच कागद, तेच अक्षर, खिडकी जिथल्या तिथे, एकही स्क्रू हललेला नाही, हे कसं? काढून परत बसवली असेल, असं उत्तर मीच मला दिलं. त्याला विचारलंही नाही. आणि खाली, फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, टवका उडालेली फरशी दिसत होती. ती माझ्या घरातली फरशी आहे. तिच्यावरून मी रोज चालते. मीच पाठवलेल्या फोटोला त्याने मोबाइलवर रंग चढवला होता आणि वीस मिनिटांत मी त्याला १,८५० रुपये पाठवले. झोपेत असले तरी तो क्षण आठवून जाग येते.

काम झाल्याचा फोटो मागाल तेव्हा शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. कॅबिनेट उघडं, आतल्या बाजूने. भट्टीतून आलेल्या नगाच्या आतल्या कोपऱ्यांत रंग पातळ बसलेला दिसतो, मोबाइलवर चढवलेला रंग सगळीकडे सारखा असतो.

पुढचं तुम्हाला माहीत असतंच. कुरिअरला उशीर, मग 'भट्टीत डाग पडला, पैसे परत करतो', मग क्यूआर कोड. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करायचा नसतो, पिन टाकायचा नसतो, हे मी माझ्या आईला दहा वेळा सांगितलंय. पण चाळीस मिनिटं तो फोनवर होता, 'वेळ संपतोय ताई, रक्कम अडकेल' म्हणत होता, स्क्रीनवर आकडा बरोबर ८,७१० होता आणि नावाच्या जागी रिफंड असा शब्द. मी पिन टाकला. फोन चालू असताना पैशाचं ॲप उघडू नका. आधी फोन ठेवा.

१९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. (तुम्हीही आधी हेच करा. समोरच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात.) पोलीस ठाण्यात मात्र दोन तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, 'मॅडम, रंगाच्या कामाचा वाद आहे, ही दिवाणी बाब आहे.' फसवून वस्तू आणि पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४)खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दिवाणी कसा? 'काय गेलं?' कॅबिनेट. 'बिल?' मी स्वतः बनवलंय. 'मग रिकामा डबाच ना?' शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. पत्र्याची पावती दाखवली तर म्हणे, ही पत्र्याची आहे, डब्याची कुठे आहे? तीन फेऱ्या मारल्या. एकदा संबंधित साहेब बंदोबस्तावर, एकदा सायबर विभागात जा, सायबर विभागात गेले तर हद्द तुमच्याच ठाण्याची. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. एफआयआर नाहीच.

बँकेचं म्हणणं, पिन तुम्ही स्वतः टाकलात, आमची जबाबदारी नाही. कुरिअरवाले म्हणतात पार्सल दिलं, घेणाऱ्याची सही आहे. सही म्हणजे एक आडवी रेघ. त्यांच्याकडे त्याचा पत्ता नाही, पार्सल त्याने त्यांच्याच ऑफिसातून उचललं. ओळखपत्र बघितलं का, या प्रश्नाला अजून उत्तर नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, २०१९च्या कायद्याप्रमाणे स्वतः राहतो तिथेच तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता हवा. तो पोलिसांनी शोधायचा. आणि पोलीस मला ग्राहक आयोगात पाठवतात.

म्हणून, घराच्या पत्त्यावर नाही तर कुरिअरच्या ऑफिसातून पार्सल उचलणार म्हणणाऱ्याला काही पाठवू नका. आणि हाताने काही बनवत असाल तर ड्रिल बिटपासून सगळ्या पावत्या जपा, कामाचे फोटो तारखेसकट ठेवा. तुमच्या मेहनतीला त्यांच्या कागदावर रकाना नसतो.

आता ते कॅबिनेट कोणी विकायला काढलं तर ओळख लिहून ठेवा. मागच्या पॅनलला डावीकडून दुसऱ्या स्टँडऑफशेजारी ४ मिलिमीटरवर चुकून पाडलेलं एक भोक आहे, इपॉक्सीने बुजवलेलं. वरून कितीही रंग मारला तरी आतल्या बाजूला बोट फिरवलं की तो उंचवटा लागतो. लागला तर पैसे देऊ नका, आणि मला कळवा.