एक सीझन, एकच टायर: ओव्हल ट्रॅकवरच्या बायस-प्लाय स्लिकचा सात महिन्यांचा अनुभव

मार्च ते सप्टेंबर, चौदा शर्यती. गाडी शेजारच्या काकांची, चालवतो त्यांचा पुतण्या आणि टायरांची जबाबदारी माझ्याकडे. नॉर्थ कॅरोलायनात आमच्या घरापासून तासाभरावर पाव मैलाहून जरा मोठा डांबरी ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक आहे. शनिवारी रात्री तिथे स्ट्रीट स्टॉक, म्हणजे साध्या रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या पळतात. टायर ८ इंच रुंद, १५ इंची रिंगचा, बिननक्षीचा, म्हणजेच स्लिक. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण ट्रॅकचा नियमच आहे की सगळ्यांनी एकच टायर वापरायचा. आवडो न आवडो, घ्यायचा तोच.

पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. टायरविक्रेत्याच्या एकाच ट्रकवरून घेतलेल्या चार टायरांचा घेर टेपने मोजला, तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्यात जवळजवळ इंचाचा फरक. दीडशे डॉलरच्या वर एकेक टायर, आणि माप असं! परत करायला निघालो तर काकांनी अडवलं. त्यांनी सगळ्यात मोठ्या टायरावर खडूने खूण केली आणि म्हणाले, हा मागे उजवीकडे.

घरी फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, "एकाच बाजूला वळायचं, त्यात कसलं आलंय कसब?" तिला म्हटलं, फुलपात्र आडवं करून फरशीवर ढकल. सरळ जात नाही, गोल फिरतं, कारण तोंड रुंद आणि बूड अरुंद. आमच्या गाडीची मागची दोन चाकं एकमेकांना जखडलेली असतात, दोन्ही सारखेच फेरे घेतात. डावीकडे वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. ते मोठं नसेल तर दोघांपैकी एक घासत जातं, गाडी नाक बाहेर काढते आणि पुढचा उजवा टायर बिचारा रगडला जातो. घेरातल्या या फरकाला म्हणतात स्टॅगर. काकांचा आकडा पावणेतीन इंच होता. पुतण्याची तक्रार एकच, वळणातून गॅस दिला की मागची बाजू निसटते. पाच शनिवार घालवून आम्ही सव्वादोनवर आलो.

पण तो सव्वादोन टिकत नाही, आणि या टायरची खरी गंमत (किंवा डोकेदुखी) तिथेच आहे. बायस-प्लायमध्ये आतले धागे तिरके, एकमेकांना छेदत टाकलेले असतात. त्यामुळे हवा वाढली की टायर फुग्यासारखा वाढतो. उजवा जास्त तापतो, त्याची हवा जास्त चढते, घेरही वाढतो. म्हणजे सुरुवातीला सव्वादोन असेल तर विसाव्या लॅपला (फेरीला) तो अडीचकडे गेलेला असतो. आता आम्ही दोनपासून सुरू करतो. पहिले काही लॅप गाडी जरा जड वळते, पोरगा कुरकुरतो, पण शेवटच्या दहा लॅपमध्ये दोन-तीन गाड्या हमखास हाती लागतात. लहान पडलेला टायर वाढवायचा असेल तर जास्त हवा भरून दुपारभर उन्हात ठेवायचा आणि मग हवा उतरवायची. रेडियल या दुसऱ्या प्रकारच्या टायरमध्ये हे जमत नाही, तिथे रबराखाली गोल फिरवलेला पट्टा घेर धरून ठेवतो. नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या कप मालिकेत १९८९ पासून रेडियल आहेत, त्यामुळे तिथे स्टॅगर मुख्यतः कारखान्यातूनच येतो.

नायट्रोजनचं थोडक्यात: भरा. साध्या हवेतली वाफ तापली की दाब कुठे जाईल याचा नेम नसतो.

पकडीबद्दल माझा समज साफ चुकीचा होता. मऊ रबर म्हणजे जास्त पकड, एवढंच मी धरून चाललो होतो. नव्या टायराला पहिले सात-आठ लॅप खरंच जादू असते, मग उतार लागतो. दर दोन शर्यतींनी कडकपणा मोजला, काटा हळूहळू वर गेला. टायर तापून निवला की रबर दरवेळी थोडं कडक होतं, झीज दिसत नसली तरी. झिजलेल्या टायराचं आणखी वेगळंच. रबराचा थर पातळ झाला की उष्णता धरत नाही, पातळ तव्यासारखा पटकन तापतो नि पटकन निवतो. कॉशनचे, म्हणजे ट्रॅकवर धोका असल्याने सगळ्यांनी हळू चालवा असं सांगणारे पिवळे दिवे लागून चार लॅप हळू गेले की पुन्हा सुरुवात करताना तो गार, निसरडा.

उजव्या पुढच्या टायरातला हवेचा दाब मी २२ पाउंडांवरून २० वर आणला होता, जमिनीवर जास्त टेकेल म्हणून. पिटमध्ये (गाडी थांबवून काम करायच्या जागेत) तापमापकाची सुई टोचून आत, मध्ये आणि बाहेर तापमान पाहिलं तर दोन्ही कडा भाजलेल्या, मधला भाग गार. टायर टेकत होता तो कडांवर. मुकाट्याने परत २२. शिवाय त्या एका टायरावर दुप्पट वजन पडलं तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे त्याचे लाड करण्यापेक्षा डाव्या दोघांना कामाला लावणं जास्त फायद्याचं निघालं. आमच्या सगळ्यात चांगल्या वेळा आल्या त्या डाव्या बाजूला वजन सरकवल्यावर, नव्या टायरांवर नाही.

टायर आणि डांबर यांचं जुळलं नाही तर मोठ्यांचीही वाईट गत होते. २००८ मध्ये इंडियानापोलिसच्या कप शर्यतीत रबर रस्त्यावर बसण्याऐवजी भुकटी होऊन उडत होतं. दहा-बारा लॅपना टायर संपत होते, म्हणून मुद्दाम पिवळे दिवे लावून टायर बदलायला लावत होते. जिमी जॉन्सन जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिले ते टायरच.

घ्यावा का? तुमच्या ट्रॅकवर सक्ती असेल तर प्रश्नच नाही. निवड असेल आणि रोज टेप घेऊन ओणवं व्हायचा कंटाळा असेल तर रेडियल बघा. मला मात्र हे वेड लागलंय. फक्त ट्रकवरून घेताना प्रत्येक टायर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे.

सध्या सहा टायर काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात, भट्टीपासून आणि विजेच्या मोटरांपासून लांब ठेवलेत. हवा निम्मी काढली आहे आणि प्रत्येकावर घेर खडूने लिहिलाय. मार्चमध्ये पुन्हा मोजेन, आकडे बदललेले असणारच.