करारात ‘विवाहित’ लिहिले होते, सही मात्र एकट्याची

जमिनीच्या सौद्यात माझे किती अडकले, तो आकडा आधी लिहितो: ४,५३,५०० रुपये. टोकन ५१,००० यूपीआयने. अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशी २,४९,००० चा चेक आणि त्याच टेबलावर रोख १,२५,०००. दलालाचे दोन टक्के, २२,०००. कागद करणे, स्टँप आणि नोटरी मिळून ६,५००. प्लॉट २०० चौरस मीटरचा, दर ५,५००, म्हणजे सौदा ११ लाखांचा. भाड्याच्या जागेतली फॅब्रिकेशनची वर्कशॉप स्वतःच्या जागेत न्यायची होती. गाव उत्तर गोव्यातले. प्रकरण कोर्टात असल्यामुळे गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही.

जमिनीच्या सौद्यात लोक कसे फसतात हे गोव्यात कोणाला सांगायला नको. २०२२ मध्ये जमीन बळकावल्याच्या तक्रारींसाठी सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली, तेव्हापासून खोट्या सेल डीडच्या (खरेदीखतांच्या) बातम्या आपण सगळेच वाचतो. मीही वाचत होतो. पण त्या बातम्यांतला चोर परका असतो, त्याचे कागद बनावट असतात. माझ्या बाबतीत माणूस खरा, जमीन खरी आणि एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नोंदीचा, उताराही खरा होता. म्हणूनच मी गाफील राहिलो.

विकणारा म्हणाला, “वडिलोपार्जित आहे बाब, माझ्या बापाची. बायकोचा ह्यात काय संबंध?”

हे वाक्य गोव्याबाहेर कदाचित खपेल. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या मालमत्तेला लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. बापाकडून वारशाने आलेली जमीनही त्यात येते. निम्मी तिची. तिच्या संमतीशिवाय नवरा स्थावर विकू शकत नाही, आणि विकली तर ती कोर्टात जाऊन तो व्यवहार पाडू शकते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या स्वतःच्या घराच्या कागदांवर आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

आणि ती वेळ. त्याने आपल्या बापाच्या १९८९ च्या खरेदीखताची झेरॉक्स दिली होती, नऊ पानांची. ती माझ्या मांडीवर होती. दुसऱ्या पानावर तेव्हाच्या विकणाऱ्याचे नाव, पुढे ‘आणि त्यांची पत्नी’, वय, गृहिणी. शेवटच्या पानावर त्याची सही आणि शेजारी तिचा अंगठा, शाई पसरलेली. टेबलावर माझ्या अ‍ॅग्रीमेंटचे पहिले पान होते : वय ५४, विवाहित, व्यवसाय शेती. तिथे स्वल्पविरामही नाही, थेट पूर्णविराम. दोन्ही कागद एका हाताच्या अंतरावर होते. मी विचारले, हे मी शपथेवर सांगेन. दलाल म्हणाला, “वहिनी मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, सेल डीडला येतील. अ‍ॅग्रीमेंटला त्यांची गरज नसते.” नोटरीचा शिक्का तयार होता, बाहेर पाऊस होता, आणि ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येतेय’ हे सकाळपासून दोनदा ऐकवून झाले होते. मी सही केली. तिथेच उठायला हवे होते. विवाहित लिहिले आहे आणि जोडीदाराचे नाव नाही, असा कागद पुढे आला की पेन खाली ठेवा. बायको बाळंतपणाला गेली असेल तर ती परत येईपर्यंत टोकनही देऊ नका.

वहिनी आठ वर्षे वेगळ्या राहतात. घटस्फोट झालेला नाही, म्हणजे हक्क तसाच आहे. त्यांना सौद्याची खबरही नव्हती.

दुसरी गोष्ट एक-चौदाची. उताऱ्यावर तीन भावांची नावे होती. ‘बाकी दोघांनी तोंडी सोडले आहे’ म्हणे. हक्क तोंडी सुटत नाही. त्यासाठी नोंदणी केलेला दस्त लागतो, त्यावर त्यांच्या बायकांचीही सही लागते. आणि मुळात बाप वारल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, झाली नसेल, तर कोणाच्या वाट्याला काय हे ठरलेलेच नसते. आई जिवंत असेल तर निम्मे तिचेच. मुलींना मुलांइतकाच वाटा. ह्या घरात दोन बहिणी आहेत. दोघींची लग्ने झालेली, दोघींचीही नावे एक-चौदावर नाहीत. म्हणजे जिथे मी एक सही घेतली, तिथे आई, तीन भाऊ, दोन बहिणी आणि पाचही जणांचे जोडीदार मिळून अकरा सह्या हव्या होत्या. सर्व्हेची नोंद मालकीचा पुरावा नव्हे. उलटे सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, एवढेच तिचे वजन. मॅट्रिझ हा तर निव्वळ घरपट्टी-जमीनपट्टीचा जुना क्रमांक. उताऱ्यावरचा कुळाचा आणि इतर हक्कांचा रकानाही वाचा, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत हक्काने राहणाऱ्याचे) घर निघाले तर तो वेगळाच वनवास. विकणाऱ्याकडे इन्व्हेंटरीचा आदेश किंवा वारसांचे सक्सेशन डीड मागा आणि त्यातली नावे एक-चौदाशी एकेक करून ताडून बघा.

मी निल एन्कम्ब्रन्स (जागेवर बोजा नसल्याचे प्रमाणपत्र) काढले होते. हे मुद्दाम लिहितो, कारण पहिला प्रश्न मला हाच विचारला जातो. सब-रजिस्ट्रारकडून तेरा वर्षांचे काढले, कोरे आले. कोरेच येणार होते. ह्याच माणसाने सहा महिन्यांपूर्वी ह्याच प्लॉटचे दुसऱ्याशी अ‍ॅग्रीमेंट करून २ लाख घेतले होते, तेही माझ्यासारखेच नोटरीपुढे. नोंदणी न झालेला कागद एन्कम्ब्रन्समध्ये दिसत नाही. नोटरी सही कोणाची एवढेच बघतो, जमीन कोणाची हे नाही. दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली असती तर तो पहिला माणूस माझ्या दारात आला असता. नोटिशीचा खर्च ह्या सगळ्यापुढे काहीच नव्हता. अ‍ॅग्रीमेंट सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेच पाहिजे, स्टँप ड्युटी वाचवायला नोटरीवर भागवू नका.

मग फेऱ्या सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात तक्रार वाचायलाही कोणी तयार नव्हते. “हा सिव्हिल मॅटर, कोर्टात जा.” तीन वेळा तेच. एकदा तर विकणाऱ्याला फोन लावून मलाच समजूत घालायला सांगितले. तलाठी म्हणतो, उतारा बरोबर आहे. मामलेदार कचेरी म्हणते, मालकी ठरवणे आमचे काम नाही. सब-रजिस्ट्रारचा माणूस म्हणतो, आमच्याकडे नोंदलेलाच नाही तर आम्ही काय करणार. प्रत्येकाचे उत्तर कागदावर बरोबर, आणि माणूस मात्र गावात नवी मोटारसायकल घेऊन फिरतो. कामाचे अकरा दिवस ह्या कचेऱ्यांच्या बाकांवर गेले. वर्कशॉपला कुलूप, मजुरांना रोज द्यायचाच. एकाही कचेरीने लेखी उत्तर दिले नाही. तोंडी हाकलणे सोपे असते, त्याचा कागद राहत नाही. म्हणून सांगतो, तक्रार द्याल तेव्हा इनवर्ड नंबर आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका.

‘सिव्हिल मॅटर’ला उत्तर आहे, ते मला उशिरा कळले. पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवता आले तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालची फसवणूक, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नुसता करार मोडला तर तो सिव्हिल. माझ्याकडे हेतूचा पुरावा म्हणजे त्या पहिल्या माणसाचे अ‍ॅग्रीमेंट. ते जोडल्यावर ठाण्यातला सूर बदलला, गुन्हा मात्र तरीही नोंदवला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते, तिथेही हलले नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मी ते केले. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. तो फोन फॉर्मॅट करू नका, बदलून टाकू नका.

चेकचे वेगळे. गावकऱ्यांसमोर अडवल्यावर त्याने ३ लाखांचा चेक दिला, तारीख ५ ऑगस्ट २०२५. १२ ऑगस्टला तो परत आला, बँकेच्या मेमोवर शिल्लक अपुरी. लगेच फोन : “चतुर्थी होऊ दे, मग परत टाका.” चतुर्थी २७ ऑगस्टला होती. ही गोड विनंती नसते. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली नाही तर त्या मेमोवरची कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस जाते. मी १० सप्टेंबरला, २९ व्या दिवशी, पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस धाडली. त्याला ती १३ तारखेला मिळाली. मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते संपले की एका महिन्यात तक्रार. ही तक्रार तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते, त्याच्या गावी जावे लागत नाही. चेक कशापोटी आहे हे लिहून घ्या, चेक नंबर आणि रकमेसह. नाहीतर ‘हातउसने दिले होते, सिक्युरिटी म्हणून चेक दिला’ अशी बतावणी सुरू होते. इथेही झालीच.

रोख दिलेल्या १,२५,००० ची पावती नाही. ‘भाटातल्या (माडांच्या बागेतल्या) मजुरांना द्यायचे आहेत’ म्हणून घेतले. स्थावराच्या सौद्यात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणे बेकायदा आहे आणि दंड घेणाऱ्याला, घेतला तेवढाच. पण घेतले हे सिद्ध कोण करणार? दलाल साक्षीदार होता, आता त्याला काही आठवत नाही. त्याच्या २२,००० ची पावतीही त्याने दिली नव्हती. त्या पैशांची आशा मी सोडली आहे. उरलेल्या ३ लाखांसाठी १४ ऑक्टोबरला तक्रार दाखल केली. वकिलाचे आजवर ३५,००० झाले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

प्लॉटवर मागच्या आठवड्यात पुन्हा चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. कोपऱ्यात लाल फडक्याच्या चार काठ्या, मला दाखवताना होत्या तशाच. म्हणजे कोणीतरी बघायला येऊन गेले आहे. डोंगराच्या पायथ्याशी, दोन माडांमधला, २०० मीटरचा, दर साडेपाच हजार असा प्लॉट तुम्हाला कोणी दाखवत असेल, तर आधी त्या घरात जा आणि म्हाताऱ्या आईला विचारा. ती स्पष्ट बोलते.