१० मीटरची लाँग लाइन, ७ महिन्यांनंतर: पट्टा उत्तम, हुक भिकार

रविवारी सकाळी मैदानावर लाँग लाइनचं, म्हणजे कुत्र्याला लांबवर पळू देऊनही हाताशी ठेवणाऱ्या लांब पट्ट्याचं, एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसऱ्या टोकाला कुत्रीच नव्हती. हुकाची खिट्टी उघडी, हुक गवतात पडलेला आणि भिंगरी पन्नासेक पावलांवर एका अनोळखी कुत्र्याबरोबर गोल गोल पळतेय. कधी सुटली ते मला कळलंही नाही. लिहीन लिहीन म्हणत ७ महिने गेले, आता मात्र लिहायलाच हवं.

लाइनची बेसिक माहिती सगळ्यांना असते, ती परत देत नाही. माझी १३ मिलिमीटर रुंदीची, बायोथेनची, म्हणजे आत पॉलिस्टरची पट्टी आणि वर प्लास्टिकचं कोटिंग. हे मटेरियल खरंच चांगलं. आधीची कापडी लाइन पाणी पिऊन जड व्हायची, दोन दिवस वाळायची नाही, वास मारायची, ही ओल्या फडक्याने पुसली की झालं. ७ महिने चिखलातून, काट्यांतून ओढलीय तरी पट्टी कुठे फाटलेली नाही. पकडायचा लूप मी पहिल्याच आठवड्यात कापून टाकला कारण लाइन जमिनीवर सोडली की तो दगडात अडकतो.

पण हुक! खिट्टीच्या आत बारीक स्प्रिंग असते, लाइन जमिनीवर घासत जाते त्यामुळे त्यात बारीक वाळू शिरते, तिसऱ्या महिन्यापासून खिट्टी हळू बंद व्हायला लागली, नखाने ढकलावी लागायची. मी दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने साफ करून तेलाचा थेंब सोडायचे आणि त्या तेलाला अजून धूळ चिकटायची, हे नंतर लक्षात आलं. कंपनीला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, दोन आठवड्यांनी उत्तर आलं की कुत्र्याच्या ओढण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, कुत्रा ओढणार म्हणूनच तर ही वस्तू घेतात, आणि हुक ओढून तुटलेलाच नाही, तो नीट बंदच होत नाही! एवढे पैसे घेऊन हुकात कंजूषी केली याचा मला आजही राग येतो.

आता रिकॉलबद्दल, म्हणजे बोलावल्यावर कुत्र्याने परत येण्याबद्दल, कारण लाइन घेतली त्यासाठीच. भिंगरी आमच्याकडे आली तेव्हा ४ महिन्यांची होती. पिल्लांचा सोशलायझेशनचा, म्हणजे इतर कुत्री आणि माणसं यांची सवय होण्याचा महत्त्वाचा काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा, तो निघून गेलेला. त्या धास्तीने मी तिला दिसेल त्या कुत्र्याशी खेळू दिलं. परिणाम असा झाला की वयाच्या सहाव्या महिन्यात दुसरं कुत्रं दिसलं की माझा आवाज तिच्यापर्यंत पोचायचाच नाही. मग लाइन आली आणि पहिले दोन महिने मी ती चुकीचीच वापरली: हाक मारायची, नाही आली की ओढून आणायचं. ती फक्त १० मीटर कुठे संपतात ते शिकली. वर एकदा तिने जोरात झेप घेतली आणि पट्टी तळहातातून सरकली, कातडी सोलून निघाली. हातमोजे घाला आणि लाइन हाताला कधीच गुंडाळू नका. आणि लावायची ती हार्नेसच्या (छातीभोवती घालायच्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या रिंगला, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, वेगात टोकाला पोचली तर मानेला हिसका बसतो.

फरक पडला तो ओढणं बंद केल्यावर. शिट्टी एकदाच, मग गप्प उभं राहायचं, तिने वळून बघितलं की मी उलट्या पावली पळायचे, आली की उकडलेलं चिकन आणि लगेच ‘जा, खेळ’. या परत सोडण्याने खरं काम केलं. आधी हाक म्हणजे मजा संपली, घरी चला, एवढंच तिला माहीत होतं. आता एका फेरीत दहादा बोलावते, घरी न्यायची लीश (छोटा पट्टा) एकदाच लावते. खेळ रंगात असताना शिट्टी मारून उपयोग नसतो. दोन कुत्री खेळता खेळता मधेच थांबतात, अंग झटकतात, भिंगरीचा एक कान तर उलटाच राहतो, तो एक सेकंद आपला.

ती आठ महिन्यांची असताना सगळं परत बिघडलं होतं. शेजारच्या ताई ‘बस’ म्हणाल्या की बसायची, मी म्हटलं की तोंड फिरवायची, मला रडू यायचं. नंतर २०२० चा बायॉलॉजी लेटर्स या विज्ञान नियतकालिकातला एक अभ्यास वाचला, त्यात ५ महिन्यांची कुत्री ८ महिन्यांची झाल्यावर ‘बस’ला सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचं नाही. तेव्हा जीवात जीव आला.

तर रविवारी शिट्टी मारली आणि ती आली, सरळ, कान मागे टाकून, लाइन नसताना! मी तिथेच गवतात बसून तिला कुशीत घेतलं. त्याच रात्री इथे लिहून ठेवलं होतं की लाइनची गरज संपली, १३ महिन्यांची झाली, आता मोकळी. बुधवारी मोकळी सोडली तर कुंपणापलीकडून एक कुत्रं बॉल घेऊन पळालं आणि भिंगरी चार मिनिटं आली नाही. ते वाक्य खोडलं.

नवी लाइन घेणार नाही, पट्टी चांगली असताना कशाला? ट्रेकिंगच्या सामानात स्क्रूने बंद होणारा कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) पडून होता, तो हुकाच्या जागी लावलाय. जरा जड आहे, पळताना तिच्या पाठीवर आपटतो म्हणून हार्नेसच्या रिंगखाली फेल्टचा तुकडा शिवला. मैदानावर पोचलो की स्क्रू बोटाने फिरवून बघते, एकदा ओढून बघते, मगच तिला म्हणते, ‘जा, खेळ’.