मूल पळवल्याचा खटला आणि ई-कोर्ट्स अ‍ॅप: उपयोगी, पण वाचता यायला हवं

मूल पळवल्याची बातमी आली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आरोपीचा बचाव लगेच लिहून तयार होतो. वकील वेडाचा दाखला आणणार, मूल स्वतःहून गेलं म्हणणार, फुटेज खोटं ठरवणार. कोर्टात खरं काय चाललंय हे 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या सरकारी अ‍ॅपवर फुकट बघता येतं. माहिती भरवशाची आहे. शब्द मात्र असे की न समजता वाचले तर त्यातूनच नवी अफवा उठते.

शोधायचं तर 'केस स्टेटस'मध्ये एफआयआर क्रमांकाने: पोलीस ठाणं, क्रमांक, वर्ष. आरोपीच्या नावाने शोधू नये, त्याच नावाचा भलताच माणूस सापडतो आणि त्याची बदनामी होते. अ‍ॅपवर मुंबई एकाच जिल्ह्याखाली नाही. किल्ला कोर्ट, कुर्ला, अंधेरी, बोरिवली ही दंडाधिकारी कोर्टं 'मुंबई सीएमएम कोर्ट्स'मध्ये आहेत. सत्र खटले 'सिटी सिव्हिल कोर्ट' या नावाखाली आहेत. 'सिव्हिल' वाचून तिथून मागे फिरू नका. खटला सापडला की त्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) 'माय केसेस'मध्ये ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ 'डिस्पोज्ड', म्हणजे निकाली निघालेला, या शब्दाने होतो. साधं अपहरण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२), कमाल ७ वर्षं शिक्षा, दंडाधिकाऱ्यापुढे चालतं. खंडणीसाठीचं अपहरण, कलम १४०(२), फाशी किंवा जन्मठेप, हे सत्र न्यायालयात जातं. दंडाधिकाऱ्याने खटला तिकडे पाठवला की जुन्या क्रमांकावर 'डिस्पोज्ड' दिसतं आणि खटला नव्या क्रमांकाने सुरू होतो. जामीन अर्जाचा क्रमांकही वेगळा असतो. फेटाळलेला अर्जही 'डिस्पोज्ड'च. म्हणून 'नेचर ऑफ डिस्पोजल', म्हणजे कसा निकाली निघाला, ही ओळ वाचल्याशिवाय आरोपी सुटला असं कुणाला सांगू नका. जामीन मिळाला तरी कोर्टाने बचाव मान्य केला असं होत नाही. ७ वर्षांच्या गुन्ह्यात ६० दिवसांत आणि खंडणीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो.

बचावाचा अंदाज घ्यायचाच असेल तर जामिनाच्या आदेशाची पीडीएफ उघडा. आरोपीच्या वकिलाने काय मांडलं ते तिथे बहुतेकदा एकदोन परिच्छेदांत असतं. खंडणीच्या कलमात नुसतं पळवून नेणं पुरत नाही, जिवाच्या किंवा इजेच्या धमकीसारखी गोष्टही सिद्ध करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. वकिलाचा हल्ला तिथेच असतो. 'मूल स्वतःहून गेलं' हे लहानग्याच्या बाबतीत टिकत नाही, कारण १८ वर्षांखालच्या मुलाची संमती ग्राह्य नाही. घेऊन जाणं आणि सोबत येऊ देणं यातला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये सांगितला खरा, पण तो सज्ञान होत आलेल्या, शिकलेल्या मुलीच्या खटल्यात. फुटेजसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं दोन भागांचं, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर हरकत येणारच.

ओळख परेडची, म्हणजे साक्षीदाराने अनेकांतून आरोपीला ओळखण्याची, गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या हातात आहे. परेडआधी आरोपीचा फोटो फॉरवर्ड झाला, तर साक्षीदाराने चेहरा आधीच पाहिला होता हा मुद्दा बचावाला आयता मिळतो. मुलासाठी कळवळून फोटो पसरवणारेच खटला कमकुवत करतात.

अ‍ॅपवर आरोपपत्र मिळत नाही. ते सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली आहे. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागलेल्या खटल्यांचे आदेश पुष्कळदा दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पूर्ण खटल्याचा अंदाज अ‍ॅपवरून येणार नाही. तारीख, टप्पा आणि आदेश यांसाठी मात्र याहून खात्रीची सोय सामान्य माणसाकडे नाही.

स्क्रीनशॉट पाठवणार असाल तर आधी नावं झाका. फिर्यादी वडिलांचं नाव दिसलं की मूल ओळखू येतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे पीडित मुलाची ओळख उघड केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.