ओबीडी स्कॅनर आणि साधा मल्टीमीटर : ८ महिन्यांचा अनुभव

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किमी झालेत. दिवाळीच्या आधी पेट्रोलच्या काट्याने नुसता वैताग आणला, टाकी फुल केली की अर्ध्यापर्यंत नीट उतरायचा आणि मग धाडकन रिकाम्यावर, खड्ड्यात आपटली की परत वर. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढतोय, काटा खाली, मागे आई आणि पोरं, पेट्रोल खरंच संपलंय का काही कळेना. गॅरेजवाल्याने काहीही न तपासता डॅशबोर्डवरचा अख्खा मीटर बदला म्हणून सांगितलं. मग ७५० चा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवतो) आणि ४५० चा मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजायला) मागवला.

स्कॅनरवर पेट्रोलच्या काट्याबद्दल एकही कोड आला नाही. पी०४६१ ते पी०४६३ हे कोड त्यासाठीच असतात, पण माझ्या गाडीत टाकीतल्या फ्लोटची (पेट्रोलवर तरंगतो, त्यावरून काट्याला पातळी कळते) वायर थेट मीटरला जाते, इसीएमला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला त्यातलं काही कळतच नाही. त्यामुळे फक्त काट्यासाठी स्कॅनर घेणार असाल तर अजिबात घेऊ नका.

काम झालं ते मल्टीमीटरने. मागची सीट उचलली, झाकणाखाली प्लग असतो, किल्ली बंद ठेवून तो काढला, फ्लोटच्या दोन बारीक वायरी एकमेकींना जोडल्या आणि किल्ली फिरवली तर काटा सरळ फुलवर! म्हणजे मीटर आणि वायरिंग दोन्ही चांगलं. (पंपाच्या जाड वायरींना हात लावायचा नाही, आणि नवीन गाड्यांत हे सर्किट डायग्राम बघितल्याशिवाय करूच नका.) मग ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून, टाकी जवळपास रिकामी असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून, उघड्या अंगणात फ्लोट बाहेर काढला. दांडी बोटाने हळूहळू खाली नेली, ६ ओहम, २०, ४५ आणि मग रीडिंगच गायब, अजून थोडी खाली नेली की परत ७०. नीट बघितलं तर दांडी ज्यावर घासते त्या पट्टीवर बरोबर त्याच जागी केसाएवढी काळी रेघ, घासून घासून झिजलेली. नवीन फ्लोट युनिट ११०० ला पडलं.

स्कॅनर वाया नाही गेला पण. फेब्रुवारीत गाडी थरथरायला लागली, चेक इंजिन लागला, कोड पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (पेट्रोल नीट पेटत नाही). तिसऱ्याची कॉइल (ठिणगीसाठी वीज देते ती) पहिल्यावर टाकली तर कोड पी०३०१ झाला, तेव्हा कॉइलच गेलीये हे नक्की झालं, प्लग-इंजेक्टर बदलायचा खर्च वाचला. सकाळी स्टार्ट घेईना तेव्हा परत मल्टीमीटर, बॅटरी ११.९ व्होल्ट, चालू गाडीत १४.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक, बॅटरी उतरलेली.

तक्रार एकच, मल्टीमीटरच्या वायरी फार हलक्या, पाचव्या महिन्यात एक तुटली, चांगल्या वेगळ्या घ्याव्या लागल्या. स्कॅनर मात्र काम झालं की काढून ठेवा, रात्रभर लावून ठेवला तर थोडी का होईना बॅटरी खातोच.

गेल्या आठवड्यात मुद्दाम रिझर्व्हचा दिवा लागेपर्यंत गाडी चालवली आणि पंपावर फुल केली, ३५ च्या टाकीत २९ लिटर बसलं, म्हणजे काटा आता खरं सांगतोय.