धुराडं झकास बसलं, पण ड्रेन प्लगला पान्हा जाईना

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमचा मासेमारीचा ट्रॉलर आहे. लाकडी बोट, सहा सिलिंडरचं मशीन. यंदाच्या मासेमारी बंदीत, म्हणजे 1 जून ते 31 जुलैच्या दरम्यान, मशीनचा धूर बाहेर नेणारी अख्खी लाइन नवी करून घेतली. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आधीचा पाइप एका वेल्डरने मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथून) वरपर्यंत एकसंध ठोकून दिलेला. दोन हंगामांत तीनदा फ्लँजपाशी, म्हणजे बोल्टच्या जोडापाशी, फुटला. शेवटी बोट चालवणारा तांडेल म्हणाला, "शेठ, केबिनमध्ये पडलं की डोकं धरतं." ते ऐकून माझंच डोकं फिरलं. काजळी दिसते तरी, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. वर पाइप डेकमधून जातो तिथली फळी कोळसा झाली होती, ते वेगळंच.

नवा मिस्त्री आला तो टेप न काढता मशीन चालू करायला सांगून पाइपाची थरथर बघत बसला. मग म्हणाला, "चार मीटर लोखंड चारशे अंश तापलं की दोन सेंटिमीटर वाढणार. तुम्ही जागा दिली नाहीत तर वेल्ड फोडून तो स्वतः करून घेणार." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं!

त्याने मॅनिफोल्डच्या लगेच वर स्टेनलेसचा बेलोज, म्हणजे दबणारा-ताणणारा घड्यांचा तुकडा, टाकला. सायलेन्सर आणि पाइपाचं वजन बीमला टांगलं, मशीनवर किलोभरही ठेवलं नाही. वरचा ब्रॅकेट पाइपाला सरकू देणारा. काटकोनी एल्बो न घेता लांब वळणाचे बेंड घेतले, नाहीतर धूर तुंबतो आणि मशीन डिझेल खातं. डेकमध्ये पत्र्याची कॉलर, तिच्यात चहूबाजूंनी मोकळी जागा, म्हणजे पाइप लाकडाला शिवतच नाही. सगळ्यावर उष्णता अडवणारं ग्लासवूल आणि वरून पत्रा. जेटीलाच दोन तास मशीन चालवून पत्र्याला तळवा लावला. चटका नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून गेला.

बिल 58,000. महाग वाटलं, पण दरवेळी वेल्डर बोलावण्यापेक्षा परवडलं. सांगितले पाच दिवस, लागले अकरा. बंदी होती म्हणून चाललं, हंगामात असं केलं असतं तर भांडण झालं असतं.

खरी चूक ड्रेन प्लगची. उभ्या लाइनीत पावसाचं आणि वाफेचं पाणी खाली उतरतं, ते मशीनमध्ये जाऊ नये म्हणून तळाला प्लग. वर झापड आहे, तरी बोट उभी असली की मी रंगाचा रिकामा डबा पालथा घालतो. पण प्लगचं तोंड नेमकं बोटीच्या कुशीकडे! पान्हा घालायला जागाच नाही. फिरवून देतो म्हणाले, नारळी पौर्णिमा उलटली तरी पत्ता नाही. शेवटी आमच्या खलाशाने पान्ह्याची दांडी अर्धी कापली. आता जेमतेम फिरतो.